बाजारात कोण कुणाशेजारी बसतं

मी नगररचनेत नोकरी केली असं सांगितलं की समोरच्या माणसाला उंच इमारती, रुंद रस्ते, उड्डाणपूल असलं काहीतरी दिसायला लागतं. आमच्या गावात सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे पाण्याची टाकी. गडचिरोली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, चहूबाजूंनी जंगल, एका अंगाला नाला, आणि नगरपरिषदेचा नगररचना विभाग म्हणजे एक टेबल, दोन कपाटं आणि मी.

काम काय असायचं? घराची परवानगी द्यायची. कुणी ओटा रस्त्यावर आणला तर नोटीस काढायची, मग तो माणूस घरी येऊन भांडून गेला की चहा पाजायचा. आणि सगळ्यात जास्त काम पाण्याचं. माझे वरिष्ठ मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, गावाचा नकाशा पाहू नकोस, पावसात छत्री घेऊन फीर आणि पाणी कुठून कुठे जातं ते बघ. लहान गावाची नगररचना ऐंशी टक्के एवढीच असते. उरलेली माणसांची. ती कुठल्याच नकाशात नसते, आणि ती शिकायला मला फार वेळ लागला.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आमच्या आठवडी बाजारासाठी निधी मंजूर झाला. बाजार बुधवारचा. नाल्याकाठच्या मोकळ्या मातीवर, जुन्या करंजांच्या सावलीत, जिथे ज्याला जागा मिळेल तिथे भरायचा. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल, आणि बाजार उठला की सडक्या भाजीचा ढीग नाल्यात. लोकांची तक्रार खरीच होती. नागपूरहून सल्लागार आले, त्यांनी वरून ड्रोन फिरवला, पोरंसोरं त्याच्यामागे धावली, आणि महिन्याभरात एक देखणा रंगीत नकाशा माझ्या टेबलावर आला. सगळं मैदान काँक्रीटचं. वर पत्र्याचं छत. कमरेइतक्या उंचीचे ओटे. हिरव्या रंगात भाजी, पिवळ्यात धान्य, निळ्यात कापड. पत्रे, लोखंड, हत्यारं एका बाजूला. आणि मासोळी पार टोकाला, संडासाच्या मागे.

नकाशा पाहून मला पहिल्यांदा पाणी दिसलं. त्या मैदानात पडलेला पाऊस मातीत मुरायचा. काँक्रीट झालं तर तोच पाऊस घरंगळत खालच्या वस्तीत जाणार. ते मी मुख्याधिकारी साहेबांना सांगितलं. साहेब तरुण होते, वाईट नव्हते, फक्त घाईत होते.

"तांत्रिक बाबी सल्लागार बघतील," ते म्हणाले. "तुम्ही लोकसहभागाचं तेवढं करून घ्या. बैठक, उपस्थिती, फोटो. फोटो नीट पाहिजेत."

बैठक एका मंगळवारी सभागृहात घेतली. आले ते सगळे दुकानदार, ज्यांना बाजारात बसायचंच नव्हतं. बुधवारी बसणारी माणसं मंगळवारी कशी येणार? ती तर त्या दिवशी दुसऱ्या गावच्या बाजारात असतात.

मग मला एक साधी गोष्ट सुचली. घर बांधताना पाया खणण्याआधी जमिनीवर पांढऱ्या फक्कीने खोल्यांच्या रेघा मारतात. घरमालकीण त्या रेघांमध्ये उभी राहते आणि म्हणते, "स्वयंपाकघर लहान होते हो." कागदावर तिला ते कधीच कळलेलं नसतं. मी ठरवलं, बाजाराचंही तसंच करायचं. मंगळवारी संध्याकाळी आमचे मुकादम रामाजी आणि मी, दोघांनी मिळून सल्लागारांचा अख्खा नकाशा मैदानावर फक्कीने उतरवला. एका ठिकाणी विटा रचून ओट्याची खरी उंचीही दाखवली. साहेबांना सांगितलं, उद्या फोटो चांगले मिळतील.

फोटो खरंच चांगले मिळाले.

सकाळी आतल्या गावांतून गोंड बाया उतरल्या. चारोळी, चिंच, मोहफुलं, पळसाच्या पत्रावळी. रामाजीने त्यांना नकाशातल्या हिरव्या, म्हणजे भाजीच्या, चौकोनात नेऊन बसवलं. थोड्या वेळाने पाहतो तर सगळ्या टोपल्या उचलून फाटकापाशी. मी विचारलं, का हो बाई, सावली नाही का तिथे? त्यांतल्या वयस्क बाईने हाताने रस्त्याकडे दाखवलं. "तिथून गाडी दिसत नाई."

संध्याकाळी आत जाणारी एकच एसटी. ती सुटली तर जंगलातून पायी. म्हणजे या बायांना बाजारात कुठे बसायचं हे सावलीवर नाही, गिऱ्हाइकावर नाही, गाडी दिसते का यावर ठरणार. ड्रोनला हे कुठून दिसणार, आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं त्या बाजारात भाजी घेऊनही मला तरी कुठे दिसलं होतं?

कुंभाराला सावली नको होती, त्याला ऊन पाहिजे, कारण गिऱ्हाईक मडकं उन्हात धरून तडा पाहिल्याशिवाय घेत नाही. बांगडीवाली म्हणाली मले येतानाच्या तोंडावर बसव, आणि जातानाच्याही. मी म्हटलं, दोन्हीकडे कशी बसशील? ती म्हणाली, "मग तोंड एकच ठेव ना बाजाराले, म्याडम." तिचं बरोबर होतं, आम्ही पुढे एकच ठेवलं. आणि विटांच्या ओट्यावर भाजी विकणाऱ्या एका म्हातारीला चढवायचा प्रयत्न झाला. दोघांनी हात धरले, ती निम्म्यात थांबली आणि म्हणाली, "वर त चढवान, पण मुतायले उतरवन कोण?" सगळा बाजार हसला. साहेबही हसले. ओट्यांची उंची त्या हसण्यातच गेली.

एकच बाई हसली नाही. ती पार्बताबाई.

पार्बताबाई ढिवर समाजाची. तिचं गाव आमच्यापासून दोन कोसांवर, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून. नवरा मासेमारी करायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. तलावातले रोहू, मरळ, झिंगे घेऊन ती दर बुधवारी यायची. वय साठीच्या आसपास, उंच, सडसडीत, बोलणं मोजकं. बाजाराच्या मधोमध एका करंजाखाली तिची जागा. नकाशाप्रमाणे तिला टोकाला जायचं होतं. बाकीच्या मासोळीवाल्या कुरकुर करत गेल्या. ती जागची हलली नाही.

"पार्बताबाई, मासोळीची जागा तिकडे आहे," मी म्हटलं.

"तिथी ऊन लागते."

"तिथे आपण मांडव टाकू."

तिने पाटीवरचं फडकं सारखं केलं. "तिथी गिऱ्हाईक नाई येत."

"सगळ्याच मासोळीवाल्या तिथे असतील तर गिऱ्हाईक तिथेच येईल ना."

"मले चालवत नाई तेवढं."

जी बाई दोन कोस डोक्यावर पाटी घेऊन येत होती! ती मान वळवून पाटीवरच्या माशांवर पाणी शिंपडत राहिली. तिच्या बाजूला पत्र्याचं काम करणारे हबीबभाई बसले होते. निखाऱ्यांच्या शेगडीत सळई तापत होती. कुणाच्या तरी डब्याला बूड बसवत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण हातोडी थांबली होती.

हबीबभाई आमच्याच गावचे. टीनवाल्यांचं घर, बाप-आजापासून पत्र्याचाच धंदा. पेट्या, नरसाळी, धान्याच्या कोठ्या बनवायचे, गळक्या भांड्याला डाग द्यायचे. आठवड्याचे बाकी दिवस आसपासच्या गावांचे बाजार फिरायचे आणि बुधवारी इथे. बायको वारल्यावर धाकट्या भावाच्या घरात एका खोलीत राहत.

पुढचे काही बुधवार आम्ही रेघा पुसत आणि नव्या मारत राहिलो. लोकांना सवय झाली. काही जण तर पायाने फक्की सरकवून स्वतःची जागा हातभर वाढवून घ्यायचे आणि साळसूद चेहऱ्याने बसायचे. मी खुर्ची टाकून दिवसभर बाजारात बसू लागले, कोण कुठे जातं, कुठे अडकतं, पाणी कुठे सांडतं, हे पाहत. आणि नाही म्हटलं तरी माझी नजर त्या करंजाखाली जायची.

दुपारी हबीबभाई नमाजाला गेले की पार्बताबाई त्यांच्या हत्यारांवर लक्ष ठेवायची. कुणी आलं तर सांगायची, "येतेत, ठेवून जा." ती चहाला गेली की हबीबभाई पत्र्याचा एक तुकडा हलवत तिच्या मासोळीवरच्या माशा उडवायचे. बोलणं जवळजवळ नाही. ती कधी म्हणायची, "आज धूर लय हाय." ते शेगडी जरा पलीकडे सरकवायचे. बस, एवढंच. कधीतरी जुन्या काळी वादळात तिची पाटी उडाली तेव्हा त्यांनी विकायला आणलेली पत्र्याची कोठी आडवी करून दोघांचं सामान तिच्या आडोशाला धरलं होतं, आणि पुढच्या बुधवारी ती आपोआप त्यांच्या शेजारी येऊन बसली, असं मला भाजीवालीने सांगितलं. त्यानंतर जागा बदलली नाही.

तोवर माझे यजमान जाऊन वर्ष झालं होतं. ते शाळेत शिक्षक होते. संध्याकाळी मी नकाशे पसरून बसायची, ते शेजारी वह्या तपासायचे. तासन्‌तास आम्ही एकमेकांशी बोलायचो नाही. ते गेल्यावर लोक म्हणायचे, बोलायला कुणी नाही म्हणून तुम्हाला सुनं वाटत असेल. बोलायला पुष्कळ होते. शेजारी बसून आपापलं काम करणारं कुणी नव्हतं. त्या करंजाकडे पाहताना मला ते कळलं, आणि मी पार्बताबाईला पुन्हा काही समजावायला गेले नाही.

पण प्रश्न सुटत नव्हता. मासोळी मधोमध ठेवता येणार नाही, यावर साहेब ठाम होते आणि त्यात त्यांची चूक नव्हती. बर्फाचं, माशांचं पाणी वाहत धान्याच्या पोत्यांखाली जायचं. धान्यवाले दर बुधवारी येऊन ओरडत होते. शेवटी मी हबीबभाईंनाच ऑफिसात बोलावलं.

"भाई, मासोळीची रांग आपण संडासामागून काढून नाल्याच्या बाजूला, मोठ्या करंजांखाली घेतो आहोत. पार्बताबाई ऐकत नाहीत. तुम्ही काही सांगू शकाल का त्यांना?"

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मी काय सांगू म्याडम? मी कोण?"

"मग दुसरं विचारते. नव्या नकाशात लोखंडवाल्यांच्या रांगेत तुमची जागा आहे. ती सोडून मासोळीच्या रांगेत बसाल का? गिऱ्हाईक कमी येईल, हे आधीच सांगते."

ते टेबलावरच्या नकाशाकडे पाहत होते. नकाशा त्यांना वाचता येत होता असं मला वाटत नाही.

"टीनले वास नाई लागत म्याडम," ते म्हणाले. "बसू. आपल्याले काय, कुठीबी बसलो त हातोडी तीच."

पुढच्या बुधवारी पार्बताबाई आली, तेव्हा करंजाखालची हबीबभाईंची जागा रिकामी होती. ती पाटी डोक्यावर तशीच धरून उभी राहिली. मी काही बोलणार, तेवढ्यात नाल्याकडून पत्रा ठोकल्याचा आवाज आला. तिने तिकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "तिथी सावली हाय म्हणता ना?" आणि चालू लागली. इतक्या भराभर, की पाटीतलं पाणी तिच्या खांद्यावर सांडलं.

हबीबभाईंचा धंदा कमी झाला तो झालाच. पण रिकाम्या हाताने बसणं त्यांना जमायचं नाही. मासोळीचं पाणी खाली सांडतं हे दिवसभर बघून त्यांनी एक दुमजली पत्र्याची पेटी केली. वरच्या खणाला बारीक भोकं, त्यात मासोळी आणि बर्फ, खालच्या खणात पाणी साचायचं. पहिली पेटी पार्बताबाईला दिली. पहिल्याच दिवशी तिचा हात कापला, कारण कडा धारदार होत्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी कडा मुडपून आणल्या. मग पेटी गंजली. मी म्हटलं, जस्ताचा पत्रा वापरून बघू, आणि खालच्या खणाला तोटी बसवू. त्या तोटीचं पाणी सोडायला आम्ही रांगेमागे एक उथळ चर खणून त्यात खडी भरली आणि कर्दळ लावली. तिच्या मुळांतून गाळून पाणी पुढे नाल्यात जाईल, हे मी कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं होतं. आमच्याकडे पहिली लागवड जनावरांनी खाल्ली. दुसरी टिकली. सगळ्या मासोळीवाल्यांनी तशा पेट्या करून घेतल्या आणि नाल्याचा वास, अगदी गेला असं नाही म्हणणार, पण लोक नाकाला रुमाल न लावता यायला लागले.

सल्लागार पुन्हा आले तेव्हा फक्कीच्या रेघा सहाव्या की सातव्यांदा बदललेल्या होत्या. ते सगळीकडे फिरले. मग बूट काढून करंजाखाली बसले आणि म्हणाले, "मी नवीन नकाशा काढतो." आणि त्यांनी काढलाही. ओटे वीतभर उंचीचे. काँक्रीट फक्त चालण्याच्या पट्ट्यांत, बाकी मुरूम आणि खडी, पाणी मुरण्यासाठी. एकही झाड न तोडता छत तुकड्यातुकड्यांत. भाजीच्या कचऱ्यासाठी खताचे खड्डे. आणि रस्त्याकडची भिंत गोंड बायांना बसल्या जागेवरून गाडी दिसेल एवढी बसकी. पुढे एका कार्यशाळेत त्यांनी या बाजारावर भाषण दिलं आणि मलाही व्यासपीठावर बोलावलं. मी काय बोलले आठवत नाही. पार्बताबाईबद्दल बोलले नाही एवढं आठवतं. ते कुठल्या मथळ्याखाली सांगायचं?

बांधकाम सुरू झालं आणि बाजार तात्पुरता गावभर विखुरला. भाजी शाळेच्या मैदानात, धान्य जिनिंगच्या आवारात. मासोळीवाल्यांना कुठेच जागा मिळेना, म्हणून त्यांच्यातल्या बऱ्याच जणी दुसऱ्या गावच्या बाजाराला जाऊ लागल्या. पार्बताबाईचं येणं थांबलं.

दर बुधवारी हबीबभाई ऑफिसात डोकावायचे. हातात काहीतरी असायचं. एकदा म्हणाले, खताच्या खड्ड्याला झाकण कसलं पाहिजे ते विचारायला आलो. एकदा कर्दळीला पाणी घातलं हे सांगायला. आणि जाता जाता दारात थांबून, "बाजार कधी चालू होते म्याडम?"

"दिवाळीनंतर, असं ठेकेदार म्हणतोय."

"दिवाळीनंतर." ते तो शब्द तोंडात घोळवत जात.

दिवाळी गेली. सिमेंट यायला उशीर झाला. एका बुधवारी ते आले, बसले, आणि बराच वेळ काही विचारलंच नाही. मला राहवलं नाही.

"भाई, त्यांचं गाव काही लांब नाही. तलावाच्या पाळीवर तर आहे. एकदा जाऊन का येत नाही?"

ते हसले. ते हसणं पाहून मी फार भोळी आहे असं मला वाटलं.

"बाजारातली वळख हाय म्याडम. तिच्या गावात मी कोण म्हणून जाऊ? लोक पुसतीन, कोणाकडे आला रे टीनवाल्या? मी काय सांगू?" मग म्हणाले, "अन् तिले काऊन कोणी काही बोलावं."

नवा बाजार उन्हाळ्याच्या तोंडावर सुरू झाला. फिती कापल्या, भाषणं झाली. हबीबभाईंनी नवा सदरा घातला होता. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी आपली शेगडी मांडली आणि शेजारच्या जागेवर पाण्याचा सडा मारून ठेवला. मासोळीवाल्या एकेक करून आल्या. पार्बताबाई आली नाही.

पुढच्या बुधवारीही नाही. मग तिच्या गावच्या एकीने सांगितलं, "पार्बता? तिले लेकानं नेलं कोरपन्याले. सिमेंटच्या कारखान्यात लागला ना तो. खोली केली तिथी. म्हणे, आई, आता किती दिवस पाटी वाहशील." तिने हे कौतुकाने सांगितलं आणि ते कौतुकाचंच होतं. मी हबीबभाईंकडे पाहिलं. ते एका बकेटीच्या बुडाला ठोके देत होते. ठोके अगदी सारखे पडत होते.

आमचा नियम असा होता की ओळीने काही बाजार जागा रिकामी राहिली तर ती दुसऱ्याला द्यायची. तो नियमही बाजारातल्या लोकांनीच बैठकीत केला होता, आणि मी त्याला मान डोलावली होती. मुदत संपली तेव्हा मी स्वतः हबीबभाईंना विचारायला गेले. खरं तर त्यांना विचारायचं काही कारण नव्हतं.

"देऊन टाका म्याडम," ते म्हणाले. "बाजारात रिकामी जागा बरी नाई दिसत."

जागा एका तरुण बाईला मिळाली, शांता तिचं नाव. चटपटीत होती, मोबाईलवर पैसे घ्यायची, गिऱ्हाइकाला नावाने हाका मारायची. हबीबभाई नमाजाला गेले की तीही त्यांच्या हत्यारांवर लक्ष ठेवायची. त्यांनी तिलाही पेटी करून दिली. तक्रार करण्यासारखं काहीच नव्हतं. त्या वर्षी मोठा पाऊस झाला आणि खालच्या वस्तीत पाणी शिरलं नाही. लोक येऊन मला सांगून गेले. मी छत्री घेऊन मैदानात उभी राहिले, पाणी खडीत शिरताना पाहिलं आणि घरी येऊन कुणाला तरी ते सांगावं असं फार वाटलं.

निवृत्तीला थोडे महिने राहिले होते तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, बाजार भरात. मी खताच्या खड्ड्यापाशी कुणाशी तरी बोलत होते. फाटकातून एक उंच म्हातारी आत आली. डोक्यावर पाटी नव्हती म्हणून मी पटकन ओळखलं नाही. काखेत एक पितळेचा गुंड होता, पाण्याचा. नवं लुगडं. ती इकडेतिकडे पाहत होती, कारण हा बाजार तिने कधी पाहिलाच नव्हता. ज्याच्या रेघा तिच्यामुळे इतक्या वेळा बदलल्या, तो बांधून झाल्यावर ती पहिल्यांदा येत होती.

मी हाक मारणार होते. पण तिला हातोडीचा आवाज आला असावा, कारण ती वळली आणि नाल्याकडे गेली.

हबीबभाईंनी मान वर केली. ना रामराम, ना सलाम. तिने गुंड त्यांच्यासमोर ठेवला.

"गळते," ती म्हणाली.

त्यांनी गुंड उचलला, उन्हाकडे धरला, फिरवला. "कुठी?"

"बुडाले. बारीक हाय."

"हाय," ते म्हणाले. "बसा. येळ लागन."

शांताने दोघांकडे पाहिलं. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिने आपली पेटी हातभर पलीकडे सरकवली आणि मधल्या जागेत पोतं अंथरलं. पार्बताबाई त्यावर बसली.

त्या गुंडाचं भोक टाचणीच्या डोक्याएवढंही नसेल. असल्या कामाला हबीबभाईंना एक विडी ओढायचा वेळ पुरत असे. त्या दिवशी त्यांनी आधी गुंड घासला. मग पुसला. मग निखारे विझलेत म्हणून पुन्हा फुलवले. सळई तापत ठेवली आणि विसरले. दुसऱ्या गिऱ्हाइकांची कामं मधे घेतली. ती काही बोलत नव्हती. तेही नाही. एकदा ती वाकली आणि शांताच्या मरळींवर हातानेच पाणी शिंपडलं, सवयीने. शांता हसली आणि तिने तांब्या तिच्याकडे सरकवून दिला. ऊन कलत गेलं तसं सावली नाल्याकडे लांबली आणि त्या तिघांच्याही अंगावरून पुढे गेली. मी माझ्या खुर्चीत बसून होते. मला त्या दिवशी तपासणीचा अहवाल द्यायचा होता. तो दुसऱ्या दिवशी दिला.

संध्याकाळी गुंड तयार झाला. त्यांनी त्यात पाणी भरून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग तिच्या हातात दिला. तिने पदराची गाठ सोडायला घेतली तर ते म्हणाले, "राहू द्या. बारीक होतं." तिने गाठ पुन्हा बांधली आणि ती उठली.

मी तिच्याबरोबर स्टँडवर गेले. गुंड मी घेतला, तिने घेऊ दिला. तिला चंद्रपूरला जाऊन पुढची गाडी धरायची होती, कोरपन्याला पोचायला रात्र झाली असती. वाटेत मी नवा बाजार कसा वाटला असं विचारलं. "चांगला केला," ती म्हणाली. लेक कसा आहे विचारलं. "चांगला हाय. सून बी चांगली हाय. खोलीले पंखा हाय." गाडी लागली. तिला गुंड देताना मी विचारलंच.

"पार्बताबाई, कोरपन्यात डाग देणारं कुणी नाही का?"

"हाय ना," ती म्हणाली. "आमच्या खोलीच्या बाजूलेच हाय एक."

आणि ती चढली.

मी परत आले तेव्हा बाजार उठत होता. हबीबभाई हत्यारं पेटीत भरत होते. निखाऱ्यांवर त्यांनी पाणी ओतलं, वाफ उठली, आणि त्या वाफेतूनच त्यांनी मला विचारलं.

"गाडी भेटली?"

"भेटली."

"गर्दी असन."

"होती थोडी."

त्यांनी पेटीचं झाकण लावलं. कडी घातली. उठताना गुडघ्यावर हात ठेवून थोडे थांबले.

"बसायले जागा भेटली का तिले?"

"भेटली भाई," मी म्हटलं. "खिडकीपाशी."

त्यांनी मान हलवली, पेटी खांद्यावर घेतली आणि घराकडे निघाले.